कायदे शिवणारा भाडेकरू

माझ्या घराच्या पुढच्या खोलीत सात वर्षं एक भाडेकरू राहिला. त्याला कायदा सोडून कशाचीही हौस नव्हती. विडी नाही, पत्ते नाहीत, देवळाच्या ओट्यावर बसून गप्पा नाहीत. तोंडावर मी त्याला बाबूजी आणि तुम्ही म्हणत असे, पाठीमागे तो म्हणत असे. आता तो माघारी बोलण्याचाच माणूस झाला, म्हणून इथे तो असंच लिहिते.

नागपूरला एका सरकारी छापखान्यात तो बाइंडर होता. विधानसभेत जे कायदे होतात ते छापून आले की पानं जुळवायची, दाभणाने भोकं पाडायची आणि दोऱ्याने शिवायची, हे त्याचं काम. तीस वर्षं त्याने तेच केलं. "मी कायदे शिवले" असं तो सांगायचा तेव्हा गावातली माणसं हसायची, कारण आमच्याकडे शिवणारा म्हणजे शिंपी. कोणीतरी त्याला एकदा पायजमा शिवायला आणून दिला होता. त्याने तो घडी करून परत दिला आणि म्हणाला, "याला कलमं नाहीत."

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या पुढे, जंगलाला लागून. ते त्याच्या मामाचं गाव. मामा कधीच गेले होते, मामाचं घर पडलं होतं. बायको वारलेली, एक मुलगी नागपुरात नांदत होती. पेन्शन झाल्यावर तिच्याकडे राहायचं सोडून हा इथे आला. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "शहर सोडून अठी काऊन आले बाबूजी?"

"तीस वर्षं तिकडून कायदे पाठवले, बाई. ते पोचतात का, पाहायला आलो."

"मंग? पोचले का?"

"अजून दिसले नाहीत."

मला वाटलं, याचं डोकं थोडं सरकलं आहे. पण दारू पीत नव्हता आणि भांडी स्वतः घासत होता. खोली दिली.

तो कागद शिवल्याशिवाय ठेवत नसे. टाचणी, पिन यांचा त्याला राग. विजेची बिलं, रेशनच्या पावत्या, माझ्या गुडघ्याच्या औषधाच्या चिठ्ठ्या, सगळ्यांना तीन भोकं पाडून तो दोरा घालायचा आणि वर जाड पुठ्ठा चिकटवायचा. चिकटवायला खळ लागते. ती त्याने एकदा माझ्या चुलीवर, माझ्या दुधाच्या गंजात म्हणजे पातेल्यात शिजवली आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकला. मोरचूद म्हणजे विष. मी तो गंज उचलून त्याच्या दारात फेकला. तो शांतपणे बाहेर आला, गंज पाहिला आणि म्हणाला, "चूक माझी. पण खळ चांगली झाली." दुसऱ्या दिवशी केशोरीच्या बाजारातून नवा गंज आणून दिला, जुना स्वतःकडे ठेवला आणि त्याच्यावर लाल रंगाने कवटी काढली. कवटी कमी आणि भोपळा जास्त वाटत होता.

दुसरी खोड म्हणजे तीन वाचनं. विधानसभेत कायद्याचा कागद तीनदा वाचतात म्हणे. पहिल्यांदा नुसता मांडतात. दुसऱ्यांदा एकेक कलम घेऊन भांडतात, काय बदलायचं ते बदलतात. तिसऱ्यांदा सगळ्याला मिळून हो किंवा नाही म्हणतात. याला वाटायचं, घरातल्या गोष्टीही तशाच व्हायला पाहिजेत. चैत्रात मी अंगणात मोहफुलं वाळायला घालते. नेमक्या त्या उन्हाच्या जागी त्याची खाट होती. मी म्हटलं, खाट उचला. तो म्हणाला, "पहिलं वाचन झालं. उद्देश आणि कारणं सांगा."

मी म्हटलं, "उद्देश, खाट उचला. कारण, घर माहं आहे."

त्याने मान डोलावली. कारण त्याला पटलं होतं. पण खाट दुसऱ्या दिवशीच हलली. मधल्या वेळात त्याने एक दुरुस्ती सुचवली की ऊन उतरल्यावर खाट परत जागेवर यावी, आणि ती मी मान्य करेपर्यंत तो खाटेवर बसून राहिला. मोहफुलं टोपलीतच राहिली. गावाने त्याचं नावच 'तिसरं वाचन' ठेवलं. बाया विहिरीवर विचारायच्या, "अवो, तुमचं तिसरं वाचन उठलं का नाही?"

मी चौथी शिकले. पेपर वाचता येतो, सही येते. सरकार म्हणजे काय, हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. आमच्यासाठी सरकार म्हणजे जीपमधून येतं ते. पाटबंधाऱ्याचं, विजेचं, जंगलाचं. कोणत्या जीपला घाबरायचं आणि कोणत्या जीपमागे धावायचं, एवढं कळलं की पुरे. त्याला हे चालत नसे. मी ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसले की तो समोर येऊन बसायचा आणि सुरू करायचा.

"सरकार असं एक माणूस नसतं बाई. कायदा करणारे वेगळे, ते निवडून येतात. कायदा चालवणारे वेगळे, मंत्र्यापासून तलाठ्यापर्यंत. आणि भांडण झालं तर कायदा वाचून सांगणारे वेगळे, ते न्यायाधीश. एकानं दुसऱ्याच्या जागेवर बसायचं नाही."

"आमच्या इथं तं एकच माणूस तिन्हीवर बसते."

"तेच तर म्हणून राहिलो."

"आन् मी कुठं बसू?"

"तुम्ही निवडून देता."

"ते पाच वर्षांत एक दिवस. बाकी दिवस काय करू? डाळ निवडू?"

यावर तो हसला नाही. तो क्वचितच हसायचा. "ग्रामसभेत बसा," म्हणाला. "विधानसभेत तुमच्या नावानं दुसरा बसतो. ग्रामसभेत तुमच्या नावानं तुम्हीच बसायचं असते. तिथं कोणी कोणाच्या बदली बसू शकत नाही."

कायदा झाला म्हणजे झाला असंही नाही, हे त्याचं दुसरं दुखणं. दोन्ही सभागृहांनी हो म्हणायचं, मग राज्यपालांची सही, दिल्लीचा असेल तर राष्ट्रपतींची, मग राजपत्रात छापायचं, आणि तरी पुष्कळ कायद्यांत लिहिलेलं असतं की सरकार नेमेल त्या तारखेपासून लागू. ती तारीखच काही कायद्यांना मिळत नाही, असं तो सांगायचा. "शिवून ठेवले, पुठ्ठा लावला, कपाटात गेले. जन्मले आणि पाचवी झाली नाही." असं बोलताना त्याचा आवाज घरातलं कोणी गेल्यासारखा व्हायचा. मला त्या कायद्यांचं काही वाटलं नाही. मला माझ्या बांधीचं वाटत होतं.

बांधी म्हणजे धानाचं बांधाचं शेत. माझी दीड एकर बांधी, तीन तुकड्यांत, जंगलाच्या कडेला आहे. माझ्या सासऱ्याच्या बापाने ती जागा फोडली, पण कागदावर ती जंगलाचीच. दर वर्षी रोवणीच्या आधी नाकेदार म्हणजे जंगलचा शिपाई यायचा आणि म्हणायचा, या साली रोवू नको. मी रोवायचे. तो पुढच्या साली परत यायचा. कधी कोंबडी घेऊन जायचा, कधी नुसताच शिव्या देऊन. माझा मालक गेल्यावर नाकेदाराची जीभ जास्त सैल झाली. माझं पोट त्याच दीड एकरावर आहे. मुलगा रायपूरकडे ट्रक चालवतो, त्याचं त्याला पुरत नाही.

एका आषाढात नाकेदार आला आणि पऱ्ह्यांमध्ये, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांत, मोटारसायकल उभी करून म्हणाला, "बुढी, सरकारकडून ऑर्डर आली. खाली कर."

भाडेकरू माझ्यासोबत बांधावर होता. त्याला शेतीतलं काही कळत नव्हतं, छत्री घेऊन उभा राहायचा. त्याने विचारलं, "कोणत्या सरकारची?"

"कोणत्या म्हणजे? सरकार एकच आहे."

"कायदा करणाऱ्यांनी सांगितलं, चालवणाऱ्यांनी की कोर्टानं? कागद दाखवा. तारीख दाखवा."

"तुम कौन हो भाई?"

"मी याच कायद्याच्या प्रती पाहिल्या आहेत. वनहक्काचा कायदा दिल्लीत झाला. त्यात लिहिलं आहे, दाव्याचा निकाल लागेपर्यंत ताब्यातल्या माणसाला उठवायचं नाही."

नाकेदार माझ्याकडे वळला. "दावा केला का तू?"

मी नव्हता केला. दावा करता येतो हे मला माहीत नव्हतं. कायदा होऊन इतकी वर्षं झाली होती. भाडेकरू छत्रीखाली उभा राहून माझ्याकडे असा पाहत होता, जणू मीच त्याचा कायदा अडवून धरला होता.

मग आम्ही दावा केला. मी, आणि माझ्यासारखे आणखी दहा जण. म्हाताऱ्या माणसांचे जबाब झाले, बांध मोजले, जुन्या विहिरी दाखवल्या, सासऱ्याच्या बापाची दगडी खूण दाखवली. माझी फाइल त्याने शिवली. अकराच्या अकरा त्यानेच शिवल्या. आता एकच राहिलं होतं, ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभेने हो म्हटलं की कागद वर तालुक्याला, मग जिल्ह्याला. पट्टा म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद मिळाला की नाकेदाराची कोंबडी बंद.

ठराव पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यायचं ठरलं. आमच्याकडे ग्रामसभा कशी होते ते सांगते. सभेच्या दोन दिवस आधी हजेरीची वही घरोघरी फिरते. पंचायतीचा शिपाई सायकलवर येतो, बाया हात पुसून सही करतात किंवा अंगठा देतात. जो घरी नसेल त्याचा अंगठा शेजारी देतो. यात कोणाला काही वाईट दिसत नाही. माणसं कामावर असतात. वही भरली की सभा भरली. मीही त्या वहीत सही केली आणि माझी शेजारीण रोवणीला गेली होती म्हणून तिचा अंगठा माझ्या अंगठ्याने दिला. भाडेकरू ओट्यावर बसून सगळं पाहत होता. तेव्हा तो काही बोलला नाही. यासाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही. तेव्हाच बोलायचं होतं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, ऑगस्ट अर्धा झाला तरी रोवण्या चालू होत्या. झेंडा झाला, मुलांना खाऊ वाटला, मुलं पळाली. शाळेच्या व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं उरली. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या. त्या तरुण, शिकलेल्या, दम्याने बेजार. ग्रामसेवकाने अकरा दाव्यांचा ठराव वाचला आणि विचारलं, "मंजूर?" सगळे म्हणाले, मंजूर. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अध्यक्ष महोदया, गणपूर्ती नाही."

ग्रामसेवकाने कपाळाला हात लावला. "बाबूजी, अब छोडो ना. वहीवर सह्या आहेत."

"वनहक्काच्या ठरावाला गावातले निम्मे सज्ञान हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. हे मी सांगून नाही राहिलो, नियमात आहे. माणसं मोजा."

"वही मोजा की."

"वही हात वर करत नाही."

त्याने वही मागितली. सरपंचबाईंनी दिली, त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. तो एकेक नाव वाचू लागला. हजर आहे का? नाही. हजर आहे का? नाही. लोक आधी चिडले, मग त्यांना मजा वाटू लागली. मग माझ्या शेजारणीचं नाव आलं.

"ही बाई हजर आहे का?"

कोणीतरी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "ते काय, तठी रोवून राहिली! हाक मारू का?"

सगळी सभा हसली. शेजारणीने तिकडून मान वर केली, आपल्याला पाहून हसतात असं वाटून तिने पदर सावरला. माझा अंगठा अजून निळा होता. मी तो मुठीत धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मात्र खरं.

सरपंचबाई हळूच म्हणाल्या, "बाबूजी, यात तुमच्या घरमालकीणबाईंचाही दावा आहे." त्यांना वाटलं, याला ठाऊक नसावं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "फाइल मीच शिवली."

ठराव राहिला.

मी त्या दिवशी त्याला घरात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, तुमचं पेन्शन दर महिन्याला येते, त्याले गणपूर्ती लागते का? तो म्हणाला, "खोटी सभा केली तर उद्या कोणीही ती फाडेल." मी म्हटलं, फाडेल तो उद्या. नाकेदार आज येतो. त्याने खाली मान घातली, पण चुकलो म्हणाला नाही. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. खोली खाली करा असंही म्हटलं. त्याने विचारलं, "हे पहिलं वाचन समजू का?" मी दार आपटलं. दुसरं वाचन मी केलं नाही. माझ्याच्याने होईना, हे कबूल करते. अकरा घरांतली बाकीची दहा त्याच्याकडे पाहून थुंकत होती आणि मीही हाकललं असतं तर त्याला पाणी कोणी दिलं नसतं.

मग निवडणूक लागली आणि आचारसंहितेत सभा गेली. मग ग्रामसेवकाची बदली झाली. नवा येईपर्यंत होळी झाली. त्या सगळ्या महिन्यांत हा माणूस छत्री घेऊन घरोघर फिरत होता. प्रत्येक दारात तेच. सभेला या, तुमच्या बदली कोणी चालत नाही. लोक त्याला पाहून मागच्या दाराने निघून जायचे. एका म्हाताऱ्याने म्हटलं, "येतो गा बाप्पा, येतो, पण आता जा, मले मरू दे." पुरुषांचं पाहून मी समजले की हे याच्याने होणार नाही. बाया त्याचं ऐकत नव्हत्या. मग मी बायांकडे गेले. त्याच्यासाठी नाही, बांधीसाठी. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू व्हायच्या आधीचा एक दिवस आम्ही बायांनीच ठरवला आणि सरपंचबाईंनी सभा लावली.

गावात मतदार चारशे पंधरा. दोनशे आठ पाहिजेत. भाडेकरूने खडूने व्हरांड्यात चौकटी आखल्या, एका चौकटीत दहा माणसं. चौकट सोडून हलायचं नाही. माणसं चौकटीत बसली आणि एकमेकांना कोपर मारत राहिली. "तिसऱ्या वाचनानं आपल्याले कोंबड्यांसारखं कोंडलं," असं कोणीतरी म्हणालं. तो मोजत गेला. दोनशे सात.

परत मोजलं. दोनशे सात. कोणी म्हणालं, "बाबूजी, स्वतःले मोजा ना."

"माझं नाव नागपूरच्या यादीत आहे."

"कोण पाहून राहिलं?"

"मी."

मला वाटलं, खडू त्याच्या डोळ्यात खुपसावा. पण ओरडून माणूस वाढत नाही. गावात अजून कोण आहे, असं सगळे आठवू लागले. कोणी लग्नाला गेलं होतं, कोणी गोंदियाच्या दवाखान्यात. मला एक नाव माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, पण माझ्यासमोर कोणी काढत नव्हतं. माझी जाऊ घरी होती. पाण्याच्या पाटावरून भांडण होऊन तिच्यामाझ्यात नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तिच्या नातवाच्या बारशालाही मी गेले नव्हते.

मी उठले आणि गेले. ती दारात सूप घेऊन बसली होती.

"आली का?" तिने वर न पाहता म्हटलं. "गरज पडली तं आली."

"हो. सभेत एक माणूस कमी आहे."

"तुह्या जमिनीसाठी मी कायले बसू?"

"माह्यासाठी नको बसू. मोजणीसाठी बस. तुले जे म्हणायचं ते म्हण."

"काहीही म्हणू?"

"काहीही."

तिने सूप ठेवलं, लुगडं झटकलं आणि माझ्या पुढे चालत आली. शेवटच्या चौकटीत माझ्याकडे पाठ करून बसली. दोनशे आठ. ठराव एकेक करून घेतले, तीन-तीनदा वाचून. लोक कंटाळून झोपायला आले. माझा दावा आला तेव्हा हात वर झाले. मग भाडेकरूने विचारलं, "विरोधात?" माझ्या जावेने एकटीने हात वर केला. पूर्ण वर, कोपर ताठ करून.

त्याचा चेहरा उजळला. खरंच सांगते, मी त्याला एवढा खूश कधी पाहिला नाही. त्याने ग्रामसेवकाला म्हटलं, "लिहा, लिहा, विरोधात एक. नाव लिहा." आणि जावेकडे वळून हात जोडले. जाऊ गोंधळली. तिला वाटलं होतं, ठराव पडेल. घरी जाताना ती मला म्हणाली, "तुहा भाडेकरू पागल आहे." नऊ वर्षांनी ती माझ्याशी भांडणाशिवाय जे बोलली ते हे. मी म्हटलं, "हो."

कागद तालुक्याला गेले. तिथून जिल्ह्याला गेले. मग काही नाही. मी एसटीने मोरगाव अर्जुनीला जायचे, कारकून म्हणायचा, वर आहे. वर कुठे, हे त्यालाही माहीत नसावं. सरपंच बदलल्या. नाकेदार बदलला. शेजारच्या गावाने वही फिरवली होती, आमच्यासारखीच. त्यांच्या वहीत दोन मेलेल्या माणसांचेही अंगठे होते असं तिथलेच लोक हसून सांगतात. त्यांना पट्टे मिळाले. मांडव घातला, हार घातले, एका मोठ्या माणसाने हातात दिले. आमच्या अकरा जणांचं काही नाही.

त्या दिवशी मी त्याच्या खोलीत गेले. तो पाठ टेकून बसला होता, त्याचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, दाभण धरवत नव्हतं. मी दारातूनच विचारलं, "त्यायले मिळाले. आपल्याले नाही. पंधरा ऑगस्टले तुम्ही चूप बसले असते तं माहा पट्टा आला असता का नाही? खरं सांगा."

मला वाटलं, आता नियम सांगेल.

"आला असता," तो म्हणाला.

एवढंच. त्याने काही जोडलं नाही. मी म्हटलं, "मंग?" तो म्हणाला, "मंग काही नाही, बाई." मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. दोन्ही एकाच वेळी आलं की माणूस थकतो. मी चहा ठेवला. दोघांनी तिथेच बसून प्यायलो.

पावसाळा संपला तेव्हा मुलगी येऊन त्याला नागपूरला घेऊन गेली. गाडीत बसताना त्याने मला माझ्या फाइलची नक्कल दिली, अर्जाच्या पोचपावतीपासून ठरावापर्यंत सगळं शिवलेलं. टाके वाकडे होते, शेवटचे. म्हणाला, "यात विरोधाचं मतही आहे. ते काढू नका." दीड वर्षाने मुलीचा फोन आला की गेला. मी तिला म्हटलं, बरं झालं, फार झिजले होते. खोली मी परत कोणाला दिली नाही. तिथे धान ठेवते.

या साली रोवणीच्या आधी नवा नाकेदार आला. तरुण आहे, गोंदियाचा, हिंदीत बोलतो. म्हणाला, "अम्मा, जमीन खाली करनी पड़ेगी." मी फाइल आणली. पोचपावतीवर बोट ठेवलं, ठरावावर बोट ठेवलं, आणि विचारलं, निकाल लागला का? त्याने फोन लावला, कोणाशी तरी बोलला, मग पानं उलटत राहिला. "पेंडिंग है," म्हणाला.

"मंग निकाल घेऊन ये."

तो गेला. निकाल लागेपर्यंत मला तिथून कोणी उठवू शकत नाही, आणि निकाल लावायची कोणाला घाई नाही. माझ्या गुडघ्यांचा हिशेब पाहता त्यांचा कागद खाली यायच्या आधी मीच जाईन. पट्टा मला मिळणार नाही, हे मी धरून चालले आहे. जावेची सून आणि मी, दोघींनी मिळून सोमवारी दोन बांध्या रोवल्या. तिसरी राहिली आहे. पाणी आहे तोवर ती उरकायची आहे.